एकच मुलगी, दोन चुलत बहिणी: ‘द पॅटी ड्यूक शो’मधला मास्क शॉट

प्रश्न थोडक्यात असा: कॉलेजच्या लघुपटात एकाच मुलीचा डबल रोल आहे, दोघी बहिणी एका फ्रेममध्ये बोलताना हव्यात. ट्रायपॉडवर मोबाइल ठेवून दोन टेक घेतले, एडिटमध्ये अर्धे अर्धे जोडले, तरी मधोमध रेघ दिसते आणि बहिणी एकमेकींकडे बघत नाहीत असे वाटते. मग १९६३ साली संगणक नसताना ‘द पॅटी ड्यूक शो’ या अमेरिकन टीव्ही मालिकेवाल्यांनी हेच दर आठवड्याला कसे जमवले?

दर आठवड्याला जमले, कारण त्यांनी ते फार थोडे केले. त्या मालिकेचा कोणताही भाग घ्या आणि दोघींचे चेहरे एकाच फ्रेममध्ये एकाच वेळी किती सेकंद दिसतात ते घड्याळ लावून मोजा. आठवणीत असतात त्यापेक्षा ते बरेच कमी भरतात. बाकीचे काम कटने, पाठमोऱ्या डबलने (तिच्याच बांध्याच्या बदली मुलीने) आणि मुख्य म्हणजे दोन्ही भूमिका करणाऱ्या पॅटी ड्यूकच्या अभिनयाने केले आहे. तुमच्या लघुपटातली पहिली चूक रेघेची नाही. सगळा प्रसंग मास्क शॉटमध्ये, म्हणजे अर्धी अर्धी फ्रेम जोडून दोघींचे चेहरे एकत्र दाखवणाऱ्या शॉटमध्ये, घ्यायला गेलात, तिथेच ती झाली.

ज्यांनी मालिका पाहिली नाही त्यांच्यासाठी: एबीसी वाहिनीवर १८ सप्टेंबर १९६३ ला सुरू झाली, १९६६ पर्यंत तीन हंगाम आणि शंभरावर भाग, सगळे कृष्णधवल. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन हाइट्समध्ये लेन कुटुंब राहते. वडील मार्टिन वृत्तपत्राचे संपादक, आई नॅटली, धाकटा भाऊ रॉस आणि पॅटी ही हायस्कुलात जाणारी, धांदरट, फोनला चिकटलेली मुलगी. मार्टिनचा जुळा भाऊ केनेथ परदेशी वार्ताहर. त्याची मुलगी कॅथी ग्लासगोहून शिक्षण पुरे करायला यांच्याकडे येते. शांत, अभ्यासू, ब्रिटिश वळणाचे बोलणारी. आणि दोघी हुबेहूब सारख्या. जुळ्या भावांच्या मुली म्हणून चुलत बहिणी हुबेहूब, हा मालिकेचा पाया. विज्ञानात तो टिकत नाही. एकाच बीजाच्या जुळ्या भावांची मुले आनुवंशिक नात्याने एकच पालक सामाईक असलेल्या सावत्र भावंडांइतकी जवळची असतात, आणि सावत्र भावंडे काही एकमेकांची छापील प्रत नसतात. पण शीर्षकगीत हे इतक्या आत्मविश्वासाने सांगते की प्रेक्षक वाद घालत नाही.

कल्पना सिडनी शेल्डनची. हो, ज्यांच्या कादंबऱ्यांचे मराठी अनुवाद आपल्याकडे वाचनालयांत हातोहात फिरले तेच. मालिका सुरू झाली तेव्हा पॅटी ड्यूकला हेलन केलरच्या भूमिकेसाठी ऑस्कर मिळून पाच महिनेच झाले होते, वय १६. तिच्यासाठी मालिका लिहायची होती. शेल्डन सांगत की ती काही दिवस त्यांच्या घरी राहिली आणि तिच्या स्वभावाच्या दोन वेगळ्या बाजू त्यांना दिसल्या, त्यातून दोन मुली सुचल्या. (पुढे १९८२ मध्ये तिला बायपोलर विकाराचे निदान झाले आणि ती त्याबद्दल उघडपणे बोलत राहिली. ते कळल्यावर ही गोष्ट नुसती गमतीची राहत नाही.)

किशोरवयीन मुलगी आणि तिचे घर हा साचा त्याआधीचा आहे. ‘मीट कॉर्लिस आर्चर’ आणि ‘ए डेट विथ ज्युडी’ या दोन्ही रेडिओवरून १९५१ मध्ये दूरचित्रवाणीवर आल्या, पण थेट प्रक्षेपण म्हणून. थेट प्रक्षेपणात असला डबल रोल अशक्यच, कारण एकच मुलगी एका क्षणी दोन जागी उभी राहू शकत नाही. त्यासाठी फिल्मच हवी, म्हणजे एकच क्षण दोनदा टिपता येईल असे काहीतरी.

आता कामाचे. दोघींच्या प्रसंगात हाताशी तीन साधने असतात. पहिले, नुसता कट: पॅटीचा क्लोज-अप, मग कॅथीचा क्लोज-अप. हे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत खात्रीचे. दुसरे, सजेशन शॉट: डबलच्या खांद्यावरून खऱ्या नटीचा चेहरा. तिसरे, मास्क शॉट: दोन्ही चेहरे, मध्ये अदृश्य शिवण. चांगला प्रसंग मास्क शॉटने उघडतो, पाच-दहा सेकंदांत ‘दोघी आहेत बरं का’ एवढे पटवतो, मग सजेशन आणि क्लोज-अपवर येतो आणि वाटले तर शेवटी पुन्हा एकदा दोघी दाखवतो. प्रेक्षकाच्या डोक्यात दोघींची जागा एकदा बसली की मधला सगळा वेळ तो स्वतःच दोघी बघतो.

सजेशन शॉटला कमी लेखू नका. या मालिकेत रिटा मॅक्लॉफलिन ही डबल होती आणि तिची पाठ, खांदे, मान यांनी अर्धी मालिका पेलली आहे. डबल निवडताना चेहरा बघायचाच नाही. उंची, खांद्यांची रुंदी, मानेची लांबी आणि कानामागून हनुवटीकडे जाणारी रेषा बघायची. उंचीत दोन-तीन सेंटिमीटरचा फरक चपलेने भरून निघतो, खांद्यांचा निघत नाही. डबलची मान पाव भागाहून जास्त कॅमेऱ्याकडे वळली की गालाचे हाड दिसते आणि खेळ संपतो. म्हणून तिच्या नजरेसाठी खूण नटीच्या डोळ्यांवर न ठेवता तिच्या कॅमेऱ्यापासून दूरच्या खांद्यावर ठेवावी, म्हणजे डबलचे डोके आपोआप थोडे आत वळते.

मास्क शॉट फिल्मवर करण्याचे त्या काळी दोन मार्ग होते. एक, कॅमेऱ्यातच. लेन्सपुढच्या मॅट बॉक्समध्ये (पत्रे बसवायच्या चौकटीत) काळा पत्रा सरकवून अर्धी फ्रेम झाकायची आणि डावी बाजू चित्रित करायची. मग लेन्स झाकून फिल्म आरंभखुणेपर्यंत मागे गुंडाळायची. २० सेकंदांचा शॉट म्हणजे ४८० फ्रेम, ३५ मिमीच्या फिल्मवर बरोबर ३० फूट. मग पत्रा उलट बाजूला लावून तीच फिल्म पुन्हा चालवायची आणि उजवी बाजू घ्यायची. मूळ निगेटिव्हवरच दोन्ही अर्धे उमटतात, त्यामुळे चित्राचा कस उतरत नाही. तोटा भयंकर: दुसऱ्या बाजूला नटी एक शब्द चुकली की पहिली बाजूही गेली.

दुसरा मार्ग ऑप्टिकल प्रिंटरचा. कॅमेरा न हलवता दोन पूर्ण टेक वेगवेगळ्या फिल्मवर घ्यायचे आणि प्रयोगशाळेत कोऱ्या फिल्मवर आधी एकाचा अर्धा, मग उलट मास्क लावून दुसऱ्याचा अर्धा छापायचा. इथे डाव्या बाजूचा तिसरा टेक आणि उजव्या बाजूचा पाचवा असे जुळवता येते. उत्तर उशिरा आले तर दुसरा अर्धा सहा फ्रेम, म्हणजे पाव सेकंद, पुढे सरकवता येतो. किंमत अशी की हा शॉट प्रतीवरून घेतलेली प्रत होतो. दाणा जाड होतो, काळे जास्त काळे होते. जुन्या डबल रोलच्या चित्रपटांत कट झाल्या झाल्या चित्र किंचित खरखरीत झाले की समजावे, आता दोघी दिसणार. आपल्याकडचे जुने कॅमेरामनही हे जाणून होते, म्हणून असा शॉट गरजेइतक्याच फुटांचा ठेवत.

दोन्ही मार्गांत फिल्म गेटमध्ये, म्हणजे लेन्समागच्या खिडकीत, जराही डुलता कामा नये. साध्या कॅमेऱ्यात प्रत्येक फ्रेम केसभर इकडेतिकडे बसते. एरवी ते दिसत नाही, कारण सगळे चित्र एकत्र डुलते. मास्क शॉटमध्ये दोन अर्धे वेगवेगळे डुलतात आणि भिंत श्वास घेते आहे असे वाटते. मिचेल कॅमेऱ्याला या कामात मान होता तो याचसाठी: फ्रेम उघडी असताना फिल्मच्या कडेच्या भोकांत पिना घुसून फिल्म घट्ट धरून ठेवतात.

पत्र्याची कडा किती धूसर उमटेल हे तीन गोष्टींवर ठरते: पत्रा लेन्सपासून किती दूर, लेन्स किती मिलिमीटरची आणि लेन्सचे छिद्र किती उघडे. छिद्र मोठे, पत्रा जवळ, तर कडा रुंद आणि मऊ. छिद्र बारीक केले की कडा धारदार होते. मऊ कडा चांगली, पण दोन्ही वेळा तंतोतंत सारखी हवी. दोन्ही पत्रे थोडे कमी पुढे आले तर मधली पट्टी दोनदा उजळते आणि पांढरी रेघ दिसते. जास्त पुढे आले तर काळी. दोन टेकमध्ये छिद्र अर्ध्या स्टॉपनेही (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) बदलले तर कडेची रुंदी बदलते आणि पत्रे योग्य जागी असूनही रेघ येते.

पण रेघ लपते ती मुळात जागेमुळे. शिवण कधीही मोकळ्या, सपाट भिंतीवरून नेऊ नये. सपाट रंगात उजेडाचा एवढासा फरकही सरळ उभ्या रेषेत दिसला की डोळा तो पकडतोच. दाराची चौकट, कपाटाची कड, पडद्याची चुणी, खिडकीचा गज, अशा आधीच उभ्या असलेल्या रेषेवर शिवण बसवावी. पॅटी आणि कॅथीची झोपायची खोली एकच, दोन वेगळे पलंग. मास्कसाठी याहून सोयीचा सेट मागूनही मिळणार नाही: मधली मोकळी जागा शिवणीची, आणि दोघींना आपापल्या पलंगावर बसायचे नैसर्गिक कारण. जेवणाच्या टेबलावर काम अवघड, कारण शिवण टेबलक्लॉथवरून जाते. तिथे मध्ये फुलदाणी येते ती शोभेसाठी नसते. शिवण सरळ असायचे बंधन नाही. वर चौकटीवरून येऊन खाली खुर्चीच्या पाठीवरून वळवता येते. फक्त कुणाचा हात, कोपर किंवा सावली ती ओलांडता कामा नये.

सावलीबद्दल एक युक्ती. डाव्या अर्ध्याचे चित्रण चालू असताना उजवा अर्धा झाकलेलाच असतो, तेव्हा तिथे डबलला बसवावे. तिच्यामुळे तिची खरी सावली, गालावर परतणारा तिच्या फिक्या कपड्याचा उजेड आणि नटीला बघायला खरे डोळे, तिन्ही मिळतात. तुमच्या बहिणी एकमेकींकडे बघत नाहीत असे वाटते ते यामुळेच: दुसऱ्या बाजूला कुणीच नव्हते आणि मुलगी भिंतीकडे बघून बोलली. माणूस नसेल तर स्टँडवर टेप लावा, पण दुसरी बसली असताना तिचे डोळे ज्या उंचीला येतात, मोजून त्याच उंचीला. दुसरी वाक्याच्या मधे उभी राहणार असेल तर टेपही त्या शब्दाला वर गेली पाहिजे. नजर चार बोटे चुकली तरी प्रेक्षकाला कारण कळत नाही, पण खोटे वाटते.

उजेडाचे गणित फसवे आहे. साध्या तारेच्या दिव्याचा प्रकाश व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घाताने बदलतो. व्होल्टेज ५ टक्के उतरले तर प्रकाश ५ नव्हे, सुमारे १६ टक्के उतरतो, म्हणजे पाव स्टॉप. दोन टेकमध्ये वेणी-फणी, कपडे आणि मेकअप बदलायला अर्धा तास गेला आणि तेवढ्यात शेजारच्या सेटवर मोठे दिवे लागले, तर एक बहीण किंचित सावलीत बसलेली दिसते. म्हणून दिवे विझवायचे नाहीत आणि दुसऱ्या टेकआधी त्याच बिंदूवर उजेड मोजायचा मीटर पुन्हा धरायचा. कृष्णधवलमध्ये एवढे केले की भागते. रंगीत फिल्मवर त्याच ५ टक्क्यांनी ३२०० केल्विनचा (केल्विन हे उजेडाच्या रंगाचे माप) दिवा साधारण ७० केल्विनने पिवळा होतो, मग फक्त उजेड जुळवून चालत नाही, रंगही जुळवावा लागतो. १९६६ च्या शरदात अमेरिकेतल्या तिन्ही मोठ्या वाहिन्यांचे संध्याकाळचे कार्यक्रम रंगीत झाले. वाहिनीला ही मालिकाही रंगीत हवी होती आणि त्या वाढीव खर्चावर निर्मात्या युनायटेड आर्टिस्ट्सशी जमले नाही, म्हणून ती थांबली असे सांगितले जाते. मला हे पटते. दुसऱ्या कुठल्याही घरगुती विनोदी मालिकेपेक्षा हिला रंग महाग पडला असता.

आवाज ही मास्क शॉटची सर्वांत दुर्लक्षित बाजू. पॅटीच्या टेकमध्ये कॅथीची वाक्ये डबल किंवा सहायक म्हणते आणि तीही माइकमध्ये जातात. ती पुढे कापायची असतात, म्हणून दोन वाक्ये एकमेकांवर चढता कामा नयेत. प्रत्येक वाक्यानंतर श्वासभर थांबावे लागते आणि बहिणींचे भांडण फार सभ्य वाटू लागते. या मालिकेला हसण्याचा ध्वनिपट होता, त्या पोकळ्या हशाने भरत. तुमच्याकडे हशा नसेल तर भांडणाचा भाग क्लोज-अपमध्ये घ्या, तिथे वाक्यावर वाक्य चढवता येते. आणि आधी कोणती भूमिका घ्यायची? जी प्रसंगाची लय ठरवते ती. बहुतेक वेळा ती पॅटीसारखी बडबडी असते. तिचा टेक पक्का झाला की दुसरी त्या लयीत उत्तर देते. उलट केले की चंचल मुलगी शांत मुलीच्या वेगाने बोलू लागते.

एकीने दुसरीच्या पुढून जायचे असेल तर स्थिर मास्क पुरत नाही. तेव्हा हलता मास्क लागतो, ज्यात माणसाची आकृती प्रत्येक फ्रेमला कापून घेतली जाते. १९६१ च्या ‘द पेरंट ट्रॅप’ या चित्रपटात हेली मिल्सच्या जुळ्या बहिणींसाठी डिस्नेने सोडियमच्या दिव्यांचा पडदा वापरला. पण त्यांच्याकडे एका चित्रपटाचा वेळ होता, इथे पंचवीस मिनिटांचा भाग पुढच्या बुधवारी जायचा होता. त्यामुळे एक दाराबाहेर गेली की कट, आणि दुसरी आत. एका भागात अटलांटाची तिसरी हुबेहूब बहीण बेट्सी आणली आहे. तिघी एका फ्रेममध्ये म्हणजे दोन शिवणी आणि तीन वेळा वेशभूषा, तेव्हा अशी चैन क्वचितच.

या वेळेच्या टंचाईमुळेच मालिका न्यूयॉर्कला झाली. कॅलिफोर्नियात अल्पवयीन नटांच्या कामाच्या तासांवर कडक मर्यादा होत्या, न्यूयॉर्कचे नियम सैल होते. इथे तर एकाच मुलीचे काम दुप्पट. त्यामुळे पहिले दोन हंगाम मॅनहॅटनच्या सव्विसाव्या रस्त्यावरच्या चेल्सी स्टुडिओत झाले. १४ डिसेंबर १९६४ ला पॅटी १८ वर्षांची झाली आणि तिसरा हंगाम लॉस एंजेलिसला गेला. तुमच्या वेळापत्रकातही हेच धरा: मास्क शॉटला साध्या शॉटच्या दुप्पट नाही, तिप्पट वेळ.

अभिनयाचा हिशेब वेगळा. पॅटीच्या केसांची टोके बाहेर वळलेली, कॅथीची आत. एवढी एक खूण दुरूनही ओळखू येते, आणि एकमेकींचे सोंग घेण्याच्या प्रसंगात तीच उपयोगी पडते. पण केस झाकले तरी दोघी ओळखता येतात: पॅटी बसताना अंग टाकते, कॅथी बसते, पॅटी वाक्य संपायच्या आत हात हलवते, कॅथीचे हात मांडीवर. विल्यम शॅलर्टनेही वडील मार्टिन आणि काका केनेथ असे दोघे केले. तुमच्या मुलीला कॅमेऱ्याआधी आठवडाभर दोघींचे चालणे वेगळे करून द्या, मग मास्कच्या चुका निम्म्या माफ होतात.

आता तुमची रेघ. मोबाइलमध्ये आधी प्रतिमा स्थिर करणारी सोय बंद करा, ती चित्रच किंचित हलवते आणि दोन टेक एकमेकांवर बसत नाहीत. एक्स्पोजर, फोकस आणि व्हाइट बॅलन्स तिन्ही हाताने लॉक करा. स्वयंचलित ठेवले तर पांढरा कुर्ता घातलेली बहीण आली की भिंत काळवंडते. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, तेव्हा २५ फ्रेमला शटर १/५० ठेवा, नाहीतर स्वस्त एलईडीचे लुकलुकणे दोन अर्ध्यांत वेगवेगळ्या वेळी येते. पंखा बंद, त्याची सावली आणि पडद्याची झुळूक दोन्ही शिवणीवर नाचतात. खिडकीतले ऊन फ्रेममध्ये नको, सूर्य तासाला १५ अंश सरकतो आणि अर्ध्या तासात उन्हाची तिरीप हातभर हलते. ट्रायपॉडच्या पायांत वाळूची पिशवी टांगा, पाय जिथे टेकले तिथे टेप लावा, आणि रेकॉर्डिंगचे बटण बोटाने न दाबता दूरनियंत्रकाने किंवा घड्याळी टायमरने चालवा. दोघी नसलेल्या रिकाम्या खोलीचाही दहा सेकंदांचा टेक घ्या, शिवणीवर कुठे ठिगळ लागले तर तोच कापड पुरवतो.

एडिटमध्ये मास्कची कड १० ते २० पिक्सेल मऊ करा. चेहऱ्याजवळ कमी, भिंतीवर जास्त. मग दोन्ही अर्ध्यांतला एकच भिंतीचा तुकडा निवडून उजेड जुळवा, चेहऱ्यांवरून जुळवू नका. तपासायचे असेल तर चित्र तात्पुरते फार कॉन्ट्रास्टी आणि कृष्णधवल करून बघा, लपलेली रेघ लगेच वर येते. आणि तरीही ती जात नसेल तर मास्क न बदलता पुढच्या वेळी एक उभा दिवा किंवा कुंडी त्या जागी ठेवून पुन्हा शूट करा.